जेम्स प्रेस्कॉट ज्यूल

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल (२४ डिसेंबर १८१८ – ११ ऑक्टोबर १८८९) हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ होते. विद्युतधारा वाहणाऱ्या तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम त्यांनी १८४० मध्ये मांडला. पुढे यांत्रिक कार्य आणि उष्णता यांच्यातील निश्चित प्रमाण मोजून त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाला प्रायोगिक आधार दिला. ऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय एककाला त्यांचे नाव आहे. ज्यूल यांनी कोणत्याही विद्यापीठात शिक्षण घेतले नाही वा अध्यापन केले नाही. ते बिअर बनवणाऱ्या घराण्यातील कारखानदार होते. इस्त्री, विजेची शेगडी आणि पाण्याचा हीटर ही त्यांच्या नियमाची परिचित उदाहरणे होत. मोटारसायकलच्या आसनाखाली बसवलेली वितळतार म्हणजेच फ्यूज हे त्याच नियमाचे कमी परिचित, पण दुर्लक्ष केल्यास महागात पडणारे उदाहरण आहे.

बालपण व शिक्षण

ज्यूल यांचा जन्म मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड येथे झाला. त्यांचे वडील बेंजामिन ज्यूल हे श्रीमंत बिअर उत्पादक होते. आईचे नाव अ‍ॅलिस प्रेस्कॉट. पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळे लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती आणि त्यांचे शिक्षण बहुतांशी घरीच झाले. १८३४ मध्ये त्यांना व थोरले बंधू बेंजामिन यांना अणुसिद्धांताचे प्रवर्तक जॉन डॉल्टन यांच्याकडे शिकण्यास पाठवण्यात आले. डॉल्टन यांनी प्रथम अंकगणित व भूमिती पक्की करून घेतली. १८३७ मध्ये पक्षाघातामुळे डॉल्टन यांनी अध्यापन थांबवले आणि हा क्रम संपला. शिक्षण अल्पकाळचे असले, तरी मोजल्याखेरीज बोलू नये ही शिस्त ज्यूल यांच्यात आयुष्यभर टिकली. विजेचे आकर्षण त्यांना लहानपणापासून होते. दोघे भाऊ एकमेकांना आणि घरातील नोकरांना विजेचे सौम्य धक्के देऊन पाहत असत.

कारखान्यातील विद्युत मोटर

त्या काळी विद्युतचुंबकावर चालणारी यंत्रे ही नवलाई होती आणि त्यांतून जवळजवळ फुकट शक्ती मिळेल, अशी अपेक्षा अनेकांना वाटे. कारखान्यातील वाफेच्या यंत्राऐवजी विद्युत मोटर वापरता येईल का, हा ज्यूल यांच्यापुढील पहिला प्रश्न होता आणि तो सरळसरळ व्यापारी होता. १८३८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी आपल्या मोटरविषयी पहिला लेख विल्यम स्टर्जन यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

उत्तर निराशाजनक निघाले. त्या वेळी वीज मिळे ती विद्युतघटांतून, आणि घटात जस्त खर्ची पडे. ज्यूल यांच्या मोजणीनुसार एक पौंड जस्त खर्चून मोटरकडून सुमारे ३,३१,४०० फूट-पौंड कार्य मिळत होते. उलट एक पौंड कोळसा जाळून उत्तम कॉर्निश वाफयंत्र सुमारे १५ लाख फूट-पौंड कार्य करी. जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग, आणि काम जेमतेम पाचवा हिस्सा. १८४१ च्या सुमारास ज्यूल यांनी मोटरचा नाद सोडला. मात्र या हिशेबातून दुसरा प्रश्न उरला: खर्च झालेल्या शक्तीपैकी जी कामाला येत नाही, ती कुठे जाते? मोटरच्या तारा तापत होत्या.

तारेतील उष्णतेचा नियम

हे तापणे मोजण्यासाठी ज्यूल यांनी काचेच्या नळीवर तारेचे वेटोळे गुंडाळून ते पाण्याच्या भांड्यात ठेवले. ठरावीक वेळ धारा सोडून पाण्याचे तापमान किती वाढले ते तापमापीवर पाहिले आणि धारा गॅल्व्हानोमीटरने मोजली. अँपिअर हे एकक तेव्हा अस्तित्वात नव्हते. त्यांनी स्वतःचे परिमाण ठरवले: एका तासात नऊ ग्रेन पाण्याचे विघटन करणारी धारा म्हणजे एक अंश. घरच्या प्रयोगशाळेत स्वतःच ठरवलेल्या या मापावर जो नियम सापडला, तो आजही तसाच शिकवला जातो:

उष्णता = (धारा)² × रोध × काळ

या सूत्रातील वर्ग हाच सारा मुद्दा आहे. रोध दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होते. पण धारा दुप्पट केली तर चौपट आणि तिप्पट केली तर नऊपट.

हा शोधनिबंध डिसेंबर १८४० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. सोसायटीने मात्र त्याचा केवळ सारांश छापला. पूर्ण निबंध १८४१ मध्ये अन्य नियतकालिकात आला. रशियात हाइनरिख लेन्झ यांनी १८४२ मध्ये स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला दुजोरा दिला, म्हणून काही ठिकाणी यास ज्यूल-लेन्झ नियम असेही म्हणतात.

उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक

उष्णता हा एक सूक्ष्म द्रव असून तो एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत वाहतो, निर्माण होत नाही, असा समज त्या काळी दृढ होता. ज्यूल यांनी पाण्यात बुडवलेले विद्युतचुंबकाचे वेटोळे चुंबकांमध्ये हाताने, नंतर उतरत्या वजनांच्या साहाय्याने फिरवले. पाणी तापले. बाहेरून उष्णता आलेली नव्हती. आले होते ते फक्त कार्य. एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवण्यास ८३८ फूट-पौंड कार्य लागते, असा निष्कर्ष त्यांनी ऑगस्ट १८४३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात मांडला. सभेत कोणी विशेष दखल घेतली नाही. १८४४ मध्ये हवेच्या संपीडनावरील त्यांचा निबंध रॉयल सोसायटीने नाकारला.

१८४५ पासून त्यांनी आज पाठ्यपुस्तकांत आढळणारा प्रयोग केला. पाण्याच्या भांड्यात वल्ह्यांसारखी पाती असलेले चक्र, त्याला दोरीने जोडलेली वजने आणि अतिसूक्ष्म तापमापी, एवढीच सामग्री. वजने खाली येत, पाणी घुसळले जाई आणि अगदी किंचित तापे. मँचेस्टरचे उपकरणकार जॉन डान्सर यांच्या तापमापीवर फॅरनहाइट अंशाचा दोनशेवा भाग वाचता येतो, असा ज्यूल यांचा दावा होता. अनेकांना तो अविश्वसनीय वाटला. बिअर बनवण्याच्या धंद्यात तापमानाच्या थोड्याशा चुकीने सगळा माल बिघडतो. तापमापी काटेकोर वाचण्याचा सराव त्यांना तेथेच मिळाला असावा, असे मत विज्ञानेतिहासकारांनी मांडले आहे आणि ते पटण्यासारखे आहे.

जून १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या अधिवेशनात तेवीस वर्षांच्या विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी त्यांचे निवेदन ऐकले. थॉमसन लगेच पटले नाहीत, पण महत्त्व ओळखले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ज्यूल यांचा विवाह अमेलिया ग्राइम्स यांच्याशी झाला. मधुचंद्रासाठी आल्प्समध्ये गेलेले ज्यूल धबधब्याच्या माथ्यावरील व पायथ्याच्या पाण्याचे तापमान मोजण्याच्या तयारीत हातात लांब तापमापी घेऊन भेटले, ही आठवण थॉमसन यांनीच पुढे सांगितली. तिच्यात थोडी भर पडली असण्याची शक्यता आहे. १८५० मध्ये ज्यूल यांनी ७७२ फूट-पौंड ही सुधारित किंमत प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी, एकेकाळी त्यांचा निबंध नाकारणाऱ्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. आजची किंमत सुमारे ७७८ आहे. १८५२ पासून दशकभर ज्यूल व थॉमसन यांनी वायूंच्या प्रसरणावर एकत्र काम केले. प्रशीतनात उपयोगी पडणारा ज्यूल-थॉमसन परिणाम त्यातूनच आला.

ओहमची चूक आणि अखेरची वर्षे

१८५४ मध्ये अमेलिया यांचे निधन झाले. त्याच सुमारास कौटुंबिक कारखाना विकला गेला. ज्यूल दोन मुलांसह राहू लागले आणि उरलेले आयुष्य त्यांनी बहुतांशी प्रयोगांत घालवले. १८६० च्या दशकात ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने विद्युतरोधाचे प्रमाण एकक निश्चित केले. हे एकक वापरून, तारेतील उष्णतेच्या आपल्याच नियमाने ज्यूल यांनी १८६७ मध्ये यांत्रिक तुल्यांक पुन्हा काढला, तेव्हा उत्तर पाणी घुसळून मिळालेल्या उत्तरापेक्षा सुमारे एक टक्क्याने अधिक आले. चूक घुसळण्याच्या प्रयोगात की रोधाच्या एककात? ज्यूल यांनी वयाच्या साठीत वल्ह्यांचा प्रयोग पुन्हा केला आणि १८७८ मध्ये ७७२.५५ ही किंमत मिळवली. थोड्याच वर्षांत लॉर्ड रॅले यांच्या मोजमापातून सिद्ध झाले, की समितीचे एककच सुमारे १.३ टक्क्याने कमी होते.

आर्थिक ओढाताणीमुळे १८७८ पासून त्यांना शासनाकडून वार्षिक २०० पौंड निवृत्तिवेतन मिळू लागले. ऑगस्ट १८८९ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ‘ज्यूल’ हे एकक स्वीकारले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ११ ऑक्टोबर रोजी, सेल या गावी त्यांचे निधन झाले. ब्रुकलँड्स येथील त्यांच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. मँचेस्टरच्या नगरभवनात त्यांचा पुतळा गुरू डॉल्टन यांच्या पुतळ्यासमोर आहे.

वितळतार आणि ज्यूलचा नियम

तारेचे तापणे ही मोटरच्या दृष्टीने हानी, तर वितळतारेच्या दृष्टीने तेच तिचे काम. परिपथात मुद्दाम एक कमकुवत तुकडा ठेवायचा, जेणेकरून धारा मर्यादेबाहेर जाताच तो आधी वितळून परिपथ तोडेल, ही कल्पना तारायंत्रांच्या काळापासून होती. थॉमस एडिसन यांनी १८९० मध्ये आपल्या वीजपुरवठा पद्धतीसाठी तिचे एकस्व घेतले. नेमकी किती जाडीची तार किती धारेला वितळेल, याचा अभ्यास ब्रिटिश टपाल खात्याचे अभियंते विल्यम हेन्री प्रीस यांनी १८८० च्या दशकात केला. त्यांचा निष्कर्ष ज्यूलच्या नियमातूनच येतो. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. जाडी वाढली की रोध व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. आणि उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून, जो व्यासाच्या प्रमाणात असतो. तिन्ही गोष्टी एकत्र केल्या की वितळण्याची धारा व्यासाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात येते. प्रीस यांच्या स्थिरांकानुसार ०.२ मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार सुमारे ७ अँपिअरला, तर ०.५ मिलिमीटरची सुमारे २८ अँपिअरला वितळते. व्यास अडीचपट झाला, तर मर्यादा चौपट झाली. घरातील चिनीमातीच्या किटकॅटमध्ये हाताला लागेल ती तार गुंडाळणे धोक्याचे का, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

महाराष्ट्र राज्याच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात ज्यूलचा नियम आणि वितळतार एकाच प्रकरणात येतात. पुस्तकातील उदाहरणे मुख्यतः घरगुती विजेची आहेत. दुचाकीवर नियम तोच असला तरी हिशेब वेगळा पडतो.

लहान मोटारसायकलमधील फ्यूज

घरात २३० व्होल्ट असतात, लहान मोटारसायकलमध्ये १२. विभवांतर कमी असल्याने तेवढ्याच शक्तीसाठी धारा अधिक लागते. ३५ वॅटचा हेडलाइट घरच्या विजेवर ०.१५ अँपिअर घेईल, बॅटरीवर जवळजवळ ३. बॅटरी चार-पाच अँपिअर-तासांचीच असली, तरी शॉर्टसर्किट झाल्यास ती काही क्षण पन्नास अँपिअरहून अधिक धारा देऊ शकते. दहा अँपिअरसाठी योग्य असलेल्या वायरमध्ये पन्नास अँपिअर वाहिले तर उष्णता पाचपट नव्हे, पंचवीसपट निर्माण होते. वेष्टन वितळते आणि ही वायर पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते.

फ्यूज दिव्याचे वा हॉर्नचे रक्षण करतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. तो रक्षण करतो वायरचे. म्हणून त्याच्या निवडीला दोन मर्यादा असतात. खालची मर्यादा नेहमीच्या भाराची. उदाहरणार्थ, मागचा दिवा व ब्रेकचा दिवा मिळून २६ वॅट, एका वेळी लागणारे दोन इंडिकेटर २० वॅट आणि मीटरचे दिवे ५ वॅट, असे ५१ वॅट धरल्यास १२ व्होल्टला ४.२५ अँपिअर होतात. हॉर्नचे सुमारे २ मिळवून ६.२५. फ्यूज सतत त्याच्या अंकित धारेच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक तापवू नये, या संकेताने ८.३ येतात, त्यावरचा बाजारात मिळणारा आकडा १० अँपिअर. वरची मर्यादा वायरची: फ्यूजचा आकडा सर्वांत बारीक वायरच्या सुरक्षित धारेपेक्षा मोठा नसावा. अर्ध्या चौरस मिलिमीटर छेदाच्या वायरसाठी ती साधारण १० अँपिअरच्या आसपास असते. दोन मर्यादांमध्ये फारशी जागा उरत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जुन्या अनेक गाड्यांत हेडलाइट मॅग्नेट कॉइलवर थेट चालतो व या हिशेबात येत नाही. सेल्फ स्टार्टरची मोठी धाराही साधारणतः या फ्यूजमधून जात नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा हे सारे धरून ठरवलेला असतो, तेव्हा तोच अंतिम मानावा.

पात्यांच्या आकाराच्या फ्यूजचे रंग जगभर ठरलेले आहेत: ५ अँपिअर फिकट बदामी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. अंकित धारा ओलांडताच फ्यूज उडतो असेही नाही. १० अँपिअरचा फ्यूज १३.५ अँपिअरला एका सेकंदाच्या आत किंवा थेट दहा मिनिटांनीही उडू शकतो. २० अँपिअरला मात्र पाच सेकंदांच्या आत उडावाच लागतो. या पात्यांतील धातू बहुधा जस्त असते, जे सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते. इंधन म्हणून ज्यूल यांची निराशा करणारे जस्त येथे अगदी योग्य ठरले आहे. तांबे वितळण्यास १,०८५ अंश लागतात. उडालेल्या फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी लावली, की वितळण्याची ठरलेली जागा नाहीशी होते आणि मग परिपथातील सर्वांत कमकुवत तुकडा कोणता, हे वायरिंग स्वतःच ठरवते.

सभोवतालच्या तापमानाचा प्रश्न थंड मँचेस्टरमध्ये गौण असेल. जळगाव आणि धुळ्यात तो गौण नाही. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या आसनाखाली त्याहून वर. फ्यूज आधीच तापलेला असल्याने थोड्या कमी धारेला उडतो. अशा वेळी १० चा फ्यूज टिकत नाही म्हणून १५ किंवा २० चा बसवण्याचा मोह होतो. पण वायरही त्याच उन्हात असते. वेष्टन ८० अंशांपर्यंत टिकते असे धरल्यास २५ अंशांच्या हवेत वायरला ५५ अंश तापण्याची मुभा असते, ४५ अंशांच्या हवेत केवळ ३५. उष्णता धारेच्या वर्गाने वाढत असल्याने सुरक्षित धारा ३५ भागिले ५५ च्या वर्गमूळाइतकी, म्हणजे सुमारे ८० टक्के उरते. १० अँपिअरची वायर ८ ची होते. फ्यूज मोठा करण्याची इच्छा नेमकी त्या दिवसांत होते, जेव्हा वायरला तो सर्वांत कमी परवडतो. नवा लाल फ्यूजही लगेच उडाला, तर दोष फ्यूजमध्ये नसतो. हँडलच्या बिजागरीजवळ घासलेली वायर, पाणी शिरलेला होल्डर किंवा अडकलेला हॉर्न आधी शोधावा लागतो. महामार्गावरील रात्रीच्या प्रवासासाठी जादा दिवे वा मोठा हॉर्न बसवायचा असल्यास त्यासाठी बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, रिले आणि बॅटरीच्या टोकाशी जवळ स्वतंत्र फ्यूज असावा. जुना फ्यूज बदलून तो भार मूळ वायरिंगवर टाकू नये.